सोरायसिस ‘फक्त कातडीचा’ नाही, तो मेसेज पुढं ढकलू नका

आठवडाभर आमच्या कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागातल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, भावकीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. थोडक्यात असा: ‘सोरायसिस फक्त कातडीचा रोग आहे, सांधे, साखर, हार्ट यांच्याशी काही संबंध नाही, डॉक्टर टेस्टा लिहून पैसे उकळतात, टेन्शन सोडा, रक्त शुद्ध करा, २१ दिवसात मुळापासून जातो.’ मी डॉक्टर नाही. पण माझ्या आक्काला १४ वर्षं सोरायसिस आहे आणि असल्याच समजुतीपायी तिची दोन बोटं कायमची वाकडी झालीत, म्हणून एकेक वाक्य धरून उत्तर देतोय.

‘फक्त कातडीचा.’ दिसतो कातडीवर, एवढं खरं. पण बिघडलेली असते आपली प्रतिकारशक्ती. कातडी नवीन येऊन जुनी गळायला एरवी महिनाभर लागतो, इथं तेच काम चार-पाच दिवसात उरकतं म्हणून खपल्यांवर खपल्या चढतात. आणि ही सूज पेटवणारे टीएनएफ, इंटरल्युकिन १७ असले जे पदार्थ असतात ते काय कोपरापाशी थांबत नाहीत, सांध्यात, रक्तवाहिन्यांतपण तीच सूज धरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ ला सोरायसिसवर ठराव केला, त्यात हृदयरोग, मधुमेह, लठ्ठपणा, लिव्हरचे आजार यांचा धोका या लोकांना जास्त असतो असं स्पष्ट लिहिलंय.

आता ‘सांध्यांशी संबंध नाही’, ज्याच्यानं मला जास्त राग आला. सोरायसिस असलेल्या १०० जणांत ३० जणांपर्यंत सांध्यांचा आजार होऊ शकतो, त्याला सोरायटिक आर्थरायटिस म्हणतात. बहुतेकांना आधी कातडीवर चट्टे आणि मग कितीतरी वर्षांनी सांधे, त्यामुळं दोन्हीचा मेळ कुणी घालत नाही. आमची आक्का विड्या वळते. सकाळी सूप मांडीवर घेतलं की पहिला तासभर बोटं वळायचीच नाहीत, पान कातरताना कात्री हातातनं सुटायची, हजार विड्यांना लागणारा वेळ दीडपट झाला. सगळे म्हणाले कामानं होतंय, थंडीनं होतंय, वय झालं, आणि वय तर तेव्हा ३८. मग एक बोट मुळापासून टोकापर्यंत सॉसेजसारखं सुजलं, अंगठी निघेना, सोनाराकडं नेऊन कापून काढली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते, शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असतात तसे, ते आम्ही चार वर्षं बघत होतो आणि कॅल्शियम कमी म्हणून गोळ्या देत होतो! एका दवाखान्यात वाताची रक्त तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, ‘वात नाही’ म्हणून घरी पाठवलं. नंतर कळलं की या आजारात ती टेस्ट बहुतेक निगेटिव्हच येते. सांध्यांच्या झिजेचं दुखणं काम केल्यावर वाढतं आणि बसल्यावर थांबतं, याचं उलटं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडतं आणि हालचाल केली की सुटतं. टाच दुखणं, उठताना कंबर धरणं हेपण त्यातच येतं. निदानाला सहा महिने उशीर झाला तरी सांध्याचं नुकसान जास्त होतं, आम्ही चार वर्षं घालवली.

‘टेस्टा म्हणजे लूट.’ कुठल्या टेस्टा? बीपी, वजन, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर. यातलं बीपी आणि साखर सरकारी दवाखान्यातपण बघतात. ब्रिटनमधल्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २००६ ला छापून आला, त्यात तिशीतल्या तीव्र सोरायसिसवाल्यांना हार्ट अटॅकचा धोका साधारण तिप्पट दिसला. थोडे चट्टे असणाऱ्यानं यावरनं घाबरून जाऊ नये, धोका आजाराच्या जोराप्रमाणं वाढतो. आणि प्रत्येकाला सगळं होतं असंही नाही. पण वर्षातनं एकदा बीपी-साखर बघायला काय जातंय? आमच्या या तंबाखूच्या भागात राहून हेपण सांगायलाच पाहिजे की सिगरेट-विडी ओढल्यानं सोरायसिसचा धोका वाढतो आणि हार्टचं तर विचारूच नका. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यावर चट्टे आणि सांधे दोन्हीला फरक पडतो.

हीच सूज कधीकधी डोळ्यातपण धरते. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सोसेना, तर मेडिकलमधनं थेंब आणून घालत बसू नका, आतल्या भागाला सूज असू शकते, लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा.

‘टेन्शन सोडा.’ टेन्शननं चट्टे वाढतात, मान्य. पण हा आजार माणसाला नैराश्यात ढकलतो त्याचं काय? शिवल्यानं पसरत नाही हे माहीत असूनसुद्धा हळदीला आक्काच्या हातची हळद एकीनं लावून घेतली नाही. त्यानंतर दोन वर्षं ती कुठल्या लग्नाला गेली नाही. असल्या बाईला टेन्शन सोड म्हणायचं म्हणजे काय, तिलाच दोष दिल्यासारखं झालं. झोप उडाली, जगणं नको वाटलं तर तेपण डॉक्टरांना सांगायचं असतं, चट्ट्यांइतकंच.

‘२१ दिवसात मुळापासून.’ मुळापासून घालवणारं औषध अजून कुणाकडंच नाही, ताब्यात ठेवणारी मात्र चांगली आहेत. नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड घातलेलं असू शकतं, पहिल्या आठवड्यात चट्टे गेल्यासारखे वाटतात, पुडी बंद केली की दुप्पट उठतात, अंग लालभडक होऊन ॲडमिट व्हायची पाळी येते, शिवाय साखर वाढते ती वेगळीच. आणि मेथोट्रेक्सेट (सोरायसिस आणि सांध्यांसाठी डॉक्टर देतात ती गोळी) चालू असेल तर ती आठवड्यातनं एकदाच असते, रोज चुकून घेतली तर जिवावर बेततं, दारूपण बंद.

आपल्याकडं दवाखान्यातले बोर्ड, पत्रकं बहुतेक कन्नडमध्ये, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाहीत, आणि मराठीत हातात येतो तो हाच मेसेज. म्हणून हे मराठीत लिहिलं.

काल हे ग्रुपवर टाकल्यावर संकेश्वरच्या एका काकींनी त्यांच्या नखांचा फोटो पाठवला. मी एवढंच विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडतात ओ? म्हणाल्या, भाकरी होईपर्यंत. सोमवारी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन सांध्याच्या डॉक्टरकडं निघालाय.