बांधाचा वाद असा मिटवावा

तुमचा आणि थोरल्या भावाचा बांध एक आहे, वाटणी तोंडी झाली आहे आणि ज्यांच्यासमोर झाली ते चुलते आता हार घातलेल्या फोटोत आहेत. म्हणजे पाया उत्तम जमलाय. आता "दादा, एकदा बसून बोलू" असलं काहीतरी बोलून सगळं घालवू नका.

सुरुवात नांगरटीपासून करा. ट्रॅक्टरवाल्याला जास्त सांगावं लागत नाही. "बांधाकडचं तास जरा चिकटून घे" म्हटलं की तो समजतो. दरसाल वीतभर, म्हणजे पाऊण फूट, पुरे. बांध 200 फूट लांब असेल तर वर्षाला 150 चौरस फूट झाले. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे सव्वासात वर्षांत एक गुंठा फुकटात तुमचा. अडचण एवढीच की पलीकडून दादांनीही हाच हिशेब मांडलेला असतो, त्यामुळे काही वर्षांत बांधच शिल्लक राहत नाही. मग दोघांनाही "बांध त्याने कोरला" असं शपथेवर सांगता येतं, आणि खोटं कोणीच बोलत नसतं.

मग सातबारा काढा. सातबारा ही महसुली नोंद आहे, तिच्याने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलंय. उतारा दादांच्या बाजूचा निघाला तर हे वाक्य वकिलाकडून पाठ करून घ्या. तुमच्या बाजूचा निघाला तर लॅमिनेशन करा. दादांनी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याचा अर्ज, टाकला की नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत घ्या. कारण शोधत बसू नका, "सदर नोंद मला मान्य नाही" एवढं पुरतं. प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे गेलं की पुढे प्रांताधिकारी, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त आणि अंगात रग असेल तर मंत्रालय. अपिलाची मुदत टळली तर विलंबमाफीचा अर्ज असतो. (आणि तलाठ्याला आता तलाठी म्हणू नका. ते ग्राम महसूल अधिकारी झालेत. भेटण्याची वेळ मात्र तीच: आत्ताच बाहेर गेलेत.)

मोजणीवाचून वादाला शोभा नाही. हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, जादा फी भरून लवकरची तारीख मागा, आणि तारखेला शेतात पुरुषभर उंचीचा ऊस उभा राहील अशी लागण करा. मोजणीदार येईल, ऊस बघेल, पंचनामा करून चहा पिऊन जाईल. समजा ऊस तुटला आणि मोजणी झालीच, तर खुणा आपल्या बाजूने पडल्यास मोजणीदार देवमाणूस, नाहीतर "पाकीट पोचलं" हे संध्याकाळी पारावर सांगायचं आणि सकाळी निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज द्यायचा. आजोबांच्या काळी 33 फुटांची शंकू साखळी होती, आता उपग्रहावरून जागा धरणारा रोव्हर आलाय. हरणाऱ्याचं म्हणणं मात्र बदललेलं नाही: मापात खोट आहे.

एका सापळ्यापासून जपा. शासनाने 2023 साली सलोखा योजना आणली. याची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, असं किमान 12 वर्षं चालू असेल तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. दोन हजारांत भांडण मिटवायचं! तालुक्याला एका तारखेचा जीपचा, झेरॉक्सचा आणि साक्षीदारांच्या मिसळीचा खर्च काढून बघा. भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का?

भावाशी एकी दाखवण्याचा प्रसंग एकच, बहिणींचा. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं. तेव्हा तीन वर्षांचा अबोला सोडून दोघं भाऊ एकाच जीपमध्ये बसा, अक्का आणि ताईला मध्ये बसवा आणि दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र करून घ्या. भाऊबीजेची साडी आधी द्या, नंतर राहून जाते. अक्काने "मला वाटा नको, पण तुम्ही दोघं भांडू नका" म्हटलं तर मान हलवा. सही झाली की येताना वेगवेगळ्या एसटीने या.

दिवाणी दावा आता घालायला हरकत नाही. तूर्तातूर्त मनाई, म्हणजे निकालापर्यंतची बंदी, मागा, "जैसे थे" मिळेल. दोघांचीही जमीन पड राहील, हीच समान वाटणी. वेळ लागतो म्हणून खचू नका. गिनीज बुकाने पुण्याकडचा एक दावा 1205 ते 1966 असा 761 वर्षं चालल्याचं नोंदवलं होतं, आणि तो नुसत्या मानपानाचा होता. तुमच्याकडे तर बागायत आहे. अन् समजा वाटपाचा हुकूमनामा तुमच्या हयातीत झालाच, तरी घाबरायचं कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे शेतसाऱ्याच्या जमिनीचं सरस-निरस (चांगली-वाईट जमीन बघून) वाटप कलेक्टरमार्फत व्हायचं असतं. कागद तहसीलला येतो, तिथून मोजणीला जातो. तोवर ऊस पुन्हा पुरुषभर झालेला असतो.

एक गोष्ट मात्र पोरांना आत्ताच सांगून ठेवा. तुम्ही गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद मागेपुढे झाली तर चालेल, पण दाव्याला वारस 90 दिवसांत लावावे लागतात. दहावा-तेराव्याच्या गडबडीत वकिलाला फोन करायचं राहू देऊ नका.