‘ढोराला काठीच कळते’ म्हणणाऱ्यांना

गेला आठवडाभर गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘आता म्हणे कंपाउंडर लोक जनावराचं वर्तन शिकवणार! ढोराला काठीच कळते. मारकेपणा रक्तात असतो, त्याला इलाज एकच, बाजार दाखवा. हे सगळे शहरातल्या कुत्र्यांचे लाड. कंपाउंडरनं सुया टोचाव्यात, यात कसलं आलंय करिअर?’ माझ्याच गावातल्या तिघांनी तो मला पाठवला. तो कंपाउंडर मीच. खरं तर पदविका घेतलेला पशुधन पर्यवेक्षक. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात वीस वर्षं जनावरं धरतोय आणि गेली काही वर्षं ती कशी वागतात हे लोकांना शिकवतोय.

काठीपासून सुरू करू. लसीकरणाचा दिवस, आखरावर (गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत) जनावर अडकवून धरायचा खोडा, समोर पांढराशुभ्र गवळाऊ जातीचा बैल. चौघं दोर ओढताहेत, एक शेपटी पिरगाळतोय, मालक तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचतोय. ‘डॉक्टरसाहेब, याले मारल्याबिगर हा हालत नाही.’ बैल पाय रोवून उभा, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, दोन्ही कान एकाच दिशेला. त्या दिशेला पाहिलं तर खोड्यावर सावलीसाठी बांधलेली निळी ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. ती सोडली, माणसं बाजूला केली, खांद्याच्या जरा मागे उभा राहून त्याच्याकडे एक पाऊल टाकलं. थांबलो. पुन्हा एक पाऊल. बैल आपसूक आत गेला.

यात जादू नाही. गुराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळपास 330 अंशांत दिसतं. फक्त नेमकं मागचं दिसत नाही. खांद्याच्या मागून जवळ गेलात तर ते पुढे सरकतं, पुढून गेलात तर मागे. पशुवर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी अमेरिकेत हे आखून-मांडून दाखवलं. आपला जुना गायकी, म्हणजे गुरं राखणारा, हेच रोज करतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही. दरवेळी साधतंच असंही नाही. माझ्या डाव्या मांडीवर खुराची खूण आहे. घाईत मागून गेलो होतो, चूक माझी.

काठीचा हिशोब दुधातही लागतो. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिननं, आणि भ्यालेल्या गाईच्या अंगात ॲड्रेनालिन वाढलं की पान्हा अडतो. 1941 मध्ये इली आणि पीटरसन या संशोधकांनी गाईजवळ कागदी पिशव्या फोडून हेच तपासलं होतं. आपल्याकडे पिशवी लागत नाही, धार काढणाऱ्याच्या शिव्या पुरतात. मग पान्ह्यासाठी इंजेक्शन शोधायचं. तब्येतीला घातक ठरेल असं टोचून दूध वाढवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे, हेही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी वाचावं.

मारकेपणा रक्तात असतो, हे अर्धं खरं. स्वभावात आनुवंशिकता असते, नाकारत नाही. पण काल शांत असलेली गाय आज लाथा झाडते तेव्हा रक्त बदललेलं नसतं. सडाला चीर, कासदाह, खुरात काटा, कासेला चिकटलेल्या गोचिडी. आधी तिथं पाहा, बाजार नंतर.

आणि एक गोष्ट अशी की तिथं बाजारापर्यंत जाण्याइतकाही वेळ नसतो. म्हैस एकसारखी रेकते, लाळ गाळते, पाणी पिता येत नाही. घरातले म्हणतात घशात काही अडकलं, आणि कोणीतरी कोपरापर्यंत हात घालतो. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. असा हात घालून आलेला माणूस मी पाहिलाय. त्याला साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवायला लावला आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी पाठवला. वागणं वाचता येणं म्हणजे हे. याला लाड म्हणायचं असेल तर म्हणा.

कुत्र्यांचंही तेच. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रं खूश, असं शाळेतल्या पोरांना वाटतं. ताठ उभी शेपटी थरथरत हलते ती वेगळी, हे मी त्यांना करून दाखवतो. पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, झाडासारखं उभं राहायचं. पोरांना हा खेळ आवडतो. चावलंच तर मिरचीपूड नाही, साबण.

राहिलं करिअर. इथे मेसेजवाल्याचं एक बरोबर: निदान आणि औषध हे पशुवैद्यकाचं काम. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं आम्ही त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच द्यायच्या, आणि ते योग्यच आहे. पण डॉक्टर दहा मिनिटं असतात, जनावर धरून उभा मी असतो. मालक काय करतो, कुठं चुकतो, हे मला दिसतं. अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञाला वर्तन या विषयात विशेषज्ञ होता येतं, त्यांची स्वतंत्र अकादमी आहे. आपल्याकडे असं पद नाही, पगारही वाढत नाही. माझी बायको हे दर महिन्याला आठवण करून देते. तरी पशुसखींचं, म्हणजे गावात जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बायांचं, प्रशिक्षण असलं की मला बोलावणं येतं, आणि त्या बाया मला प्रश्न विचारून दमवतात. बुजरी वगार कशी सवयीला लावायची, व्यालेली गाय वासराजवळ का येऊ देत नाही. अशा प्रश्नांना सुई पुरत नाही.

पुढच्या मंगळवारी लाळ-खुरकताचं लसीकरण आहे. मेसेज पाठवणाऱ्या तिघांनी बैल घेऊन आखरावर यावं. तुतारी घरी ठेवा. ताडपत्री मी आधीच सोडून ठेवतो.