बाळंतिणीला भेटायला जाताना

बाळंतिणीला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली जुनी रीत. पूर्वी लोक झबली-टोपडी न्यायचे. आता ज्ञान न्यावं. पैसे पडत नाहीत आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये सांडतही नाही.

वेळ दुपारी दोनची निवडावी. बाळ नुकतंच झोपलेलं असतं.

बाळाकडे नंतर बघावं. आधी आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणावं, "अगं बाई, किती सुटलीस!" घरात आरसा असला तरी तिला हे कुणी तोंडावर सांगितलेलं नसतं.

नवऱ्याच्या पोटाबद्दल मात्र बोलू नये. ते रविवारच्या मिसळीचं आहे, त्याला इतिहास आहे.

आता मुख्य काम. बाळ अंगावर पीत असतानाच मोबाईल काढावा आणि मोठ्याने वाचावं. गेल्या आठवड्यात कॉलेज रोडच्या एका काकूंनी माझ्याकडे हेच केलं: "लठ्ठ आईच्या दुधात वाईट जंतू असतात. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." तुम्हीही इथेच थांबा. मूळ अभ्यास शोधायला जाऊ नका, पंचाईत होईल. कारण तो स्पेन आणि फिनलंडच्या संशोधकांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला, आणि त्यात बायका होत्या १८. अठरा! आमच्या भिशीत याहून जास्त आहेत. त्यांचा चीक तपासला, मग महिन्याचं आणि सहा महिन्यांचं दूध. जास्त वजनाच्या आयांच्या दुधातले जिवाणू थोडे वेगळे आणि कमी प्रकारचे दिसले. "दूध वाईट" असं कुणी म्हटलेलं नाही. नंतरच्या अभ्यासांत तर प्रत्येक वेळी सारखंच काही दिसलेलंही नाही. आणि ते जिवाणू तरी कोण? चिकात सापडले त्यांत ल्युकोनोस्टॉक होता, लॅक्टोकोकस होता. पहिल्याचे भाऊबंद तुमच्या इडलीच्या पिठात फुगतात, दुसऱ्याचे तुमच्या विरजणात. महिन्याभराने तोंडात राहणारे जिवाणू वाढलेले दिसतात. म्हणजे पिता पिता बाळच आपल्याकडचे काही आईकडे धाडत असावं, असा अंदाज आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ठरवून सिझर केलेल्या आयांच्या दुधातले जिवाणूही वेगळे निघाले, ऐनवेळी सिझर करावं लागलेल्यांचे मात्र नॉर्मल डिलिव्हरीवाल्यांसारखेच. हे का नाही फॉरवर्ड होत? कारण काकूंच्या सुनेने मुहूर्त बघून सिझर करून घेतलंय. वजन मात्र माझं वाढलंय, मग बोला!

हं, सूचना सांगत होते.

वजनाचं सांगून झालं की त्याच पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढावा. साजूक तुपातले. एक तिच्या तोंडात कोंबावा आणि विचारावं, "डाएट कधी सुरू करतेस?" आयसीएमआर, म्हणजे आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणते, पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त खाव्यात. पण आयसीएमआरला काय कळतं, ती काही कॉलेज रोडला राहत नाही.

उठताना हळूच पावडरच्या डब्याचं नाव सांगावं. "वरचं चालू कर, जोखीम नको." या डब्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कंपन्यांचं अडत नाही, त्यांचं काम आपले नातेवाईक फुकट करतात.

पुरे झालं.

काकू, त्या रात्री बाळ भुकेने रडत होतं आणि मी त्याला घेऊ की नको, म्हणून नुसती बसून राहिले. आई उठून आली नि ओरडली तेव्हा घेतलं. एवढंच तुमचं ज्ञान. टाके ओले, झोप नाही, त्यात स्वतःच्या दुधाची भीती. कशाला घातलीत ती? वजन जास्त असलं की कधीकधी दूध उतरायला उशीर लागतो, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा छातीला लावणं आणि ते शिकवणारं कुणीतरी शेजारी असणं. डब्ल्यूएचओ सांगते, जन्मल्यापासून तासाभरात पाजा, सहा महिने फक्त अंगावरचंच द्या. त्यात आईच्या वजनाची अट कुठेही नाही. माझ्या वजनाचं मी आणि माझ्या डॉक्टर बघू.

यायचं असेल तर या. दोरीवरचे लंगोट काढा, सिंकमधली भांडी घासा, बाळाला अर्धा तास घ्या म्हणजे मला डोक्यावरून पाणी घेता येईल. ते जमत नसेल तर घरीच बसा. आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर ढकललात ना, तिथे जाऊन "मी न वाचता पाठवला होता" असं लिहा. आजच लिहा. तिथेही कुणीतरी ओली बाळंतीण असेल.