चारमिनार रुपया परत घेताना ८० टक्के का मिळाले नाहीत: दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: आमच्याकडून नेलेला चारमिनार छाप रुपया (हैदराबादच्या निजामाचा चांदीचा ‘हाली’ रुपया) परत देताना बिलाच्या ८० टक्के मिळाले नाहीत, चांदीचा भाव लावला तोही वजन मारून, आणि घरातलं रामदरबाराचं नाणं आम्ही घेतलं नाही. छत्रपती संभाजीनगरात आणि जालना-परभणीकडे आमची बरीच गिऱ्हाइकं आहेत, त्यांनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

बिलाच्या मागे अट छापलेली आहे. वर्षाच्या आत तेच नाणं बंद कार्डात, म्हणजे आम्ही पिना मारून देतो त्या पाकिटात, आणलं तर बिलाच्या ८० टक्के. कार्ड उघडलं पण नाणं जसंच्या तसं असलं तर ७०. नाणं घासलेलं असलं तर त्या दिवशीच्या चांदीचा भाव. तुमचं कार्ड उघडलेलं होतं आणि रुपया पांढराफटक झाला होता. दहापट भिंगाखाली तुम्हालाही दाखवलं: मिनारांच्या मधल्या सपाट जागेवर एकाच दिशेच्या बारीक रेघा, आणि अक्षरांच्या खाचेत टूथपेस्टची पांढरी पूड. आधी चिंच लावली असंही तुम्हीच सांगितलंत. हाली रुपयात चांदी ८१.८ टक्के, बाकी मुख्यतः तांबं. चिंचेच्या आंबटपणानं वरचं तांबं निघून जातं आणि चुन्यासारखा निस्तेज पांढरेपणा राहतो. टूथपेस्टमधली खरखरीत पूड टाकसाळीची मूळ झळाळी खरवडून नेते. संग्राहक पैसे मोजतो ते त्या झळाळीचे आणि वर्षानुवर्षं चढलेल्या काळसर थराचे. हा थर म्हणजे मळ नव्हे, कृपा करून कोणीच तो काढू नका.

आता वजन. तुम्ही ११.६६ ग्रॅम धरून हिशोब केलात. तो आकडा कलदारचा, म्हणजे इंग्रजी रुपयाचा, आणि १९४० च्या आधीच्या कलदारात चांदी ९१.७ टक्के असायची. निजामाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदारात ती १०.६९ ग्रॅम भरते. मराठवाड्यात सहा कलदारला सात हाली असा हिशोब चालायचा, त्याचं मूळ या फरकातच आहे. आम्ही ९.१४ ग्रॅमचे पूर्ण पैसे लावले, चांदी वितळवताना होणारी घट कापली नाही.

खात्री घरीही करता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, अंगावरचे बुडबुडे झटका. काटा साधारण १.१० दाखवेल. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की नाण्याची घनता मिळते, ती १०.१ ते १०.२ यायला हवी. ९ च्या खाली आलं तर चांदीचा मुलामा दिलेली पितळी नक्कल समजा.

रामदरबाराच्या नाण्यावर १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आहे. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ते नंतर बनवलेलं देवाचं टोकन आहे. देव्हाऱ्यात जरूर ठेवा, पण व्हिडिओत सांगतात त्या लाखांच्या भावाला भुलून कुणाला आगाऊ ‘कमिशन’ किंवा ‘टॅक्स’ भरू नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागितली जाते, असा इशारा बँकेनं स्वतःच २०२१ मध्ये दिला आहे.

तुमच्याकडचे बाकीचे दोन रुपये अजून कार्डातच आहेत असं तुम्ही म्हणालात. ते मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये सरकवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक चिकट होतं आणि नाण्यावर हिरवट थर धरतं. कार्डासकट कडक डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पावसाळ्यात पुडी बदला. कार्डाच्या पिना पकडीनं चपट्या केलेल्या आहेत, त्या उचकटू नका, वर आलेलं टोक शेजारच्या नाण्यावर ओरखडा पाडतं.

बिलाचं वर्ष संपायच्या आत ते दोन्ही आणा, ८० टक्के मिळतील. त्या दिवशी चांदीचा भाव त्याहून वर गेला असेल तर चांदीच्या भावाने देऊ. येताना बिल सोबत असू द्या, कार्डावरचा नंबर त्याच्याशी जुळवावा लागतो.