‘स्टिकचे पैसे वाया गेले’ असं लिहिणाऱ्या ग्राहकांना आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते सगळं वाचलं. तुमच्या तक्रारी अशा: सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या दुकानातून टीव्हीला लावायची, इंटरनेटवरची अ‍ॅप टीव्हीवर दाखवणारी स्टिक घेतली, पण आम्ही 4के (एचडीपेक्षा बारीक, स्पष्ट चित्राची) न देता साधी दिली. ती मध्येच बंद होते आणि आपोआप चालू होते. वर प्रत्येक अ‍ॅप वेगळे पैसे मागतं. मुलाने 149 रुपये भरून नेटफ्लिक्स घेतलं, ते टीव्हीवर लागतच नाही. एका अ‍ॅपने न विचारता पैसे कट केले. आणि ‘सगळं आयुष्यभर फुकट’ दाखवणारा बॉक्स बाजारात मिळत असताना आम्ही तो विकत नाही. केबलच बरी होती, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. पैसे भरूनही घरी आईंची मालिका लागत नसेल तर राग येणारच. म्हणून एकेक मुद्दा घेतो, तुमच्यासारखेच आणखी कुणी अडले असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी स्टिक बंद पडण्याचं. आमचा माणूस तुमच्या घरी येऊन बघून गेला तेव्हा स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली होती आणि सोबतचा अ‍ॅडॅप्टर खोक्यात पिशवीसकट पडून होता. टीव्हीच्या यूएसबीतून बहुतेक वेळा अर्धा अँपिअरच करंट मिळतो आणि स्टिकला साधारण त्याच्या दुप्पट लागतो. मेनू दिसतो, पण व्हिडिओ सुरू झाला की स्टिकला वीज पुरत नाही आणि ती रीस्टार्ट होते. अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. शिवाय तुमचा टीव्ही भिंतीला अगदी चिकटून बसवलाय. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर 42-43 डिग्री असताना त्या फटीत स्टिक किती तापत असेल! खोक्यात एक वीतभराची एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर आहे, ती लावून स्टिक बाहेर मोकळी लोंबकळू द्या. एवढं करूनही बंद पडली तर वॉरंटीत बदलून द्यायची जबाबदारी आमची.

4के स्टिक मी जाणूनबुजून दिली नाही. तुमचा टीव्ही 32 इंची, एचडी रेडी, म्हणजे साध्या एचडी चित्रापुरता आहे. त्याच्या पडद्यावर 4केचं चित्र 4के दिसूच शकत नाही. हजार-दीड हजार जास्त घेऊन ती देणं मला सहज शक्य होतं. ज्यांचा टीव्ही आधीच स्मार्ट आहे आणि अ‍ॅप नीट चालतात, त्यांना मी स्टिक घेऊच नका असं सांगून परत पाठवतो.

नेटफ्लिक्सचा 149चा प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबसाठी आहे. टीव्हीवर बघायचं तर 199चा लागतो. फरक 50 रुपयांचा. 199च्या प्लॅनमध्ये एका वेळी एकच स्क्रीन चालते आणि 720पी, म्हणजे साधं एचडी चित्र मिळतं, तुमच्या टीव्हीला तेवढं भरपूर आहे. 649चा प्लॅन 4के टीव्ही असलेल्यांनी घ्यावा, तुम्ही मुळीच घेऊ नका. जिओहॉटस्टारचाही मोबाइलपुरता वेगळा प्लॅन असतो. कुठलाही प्लॅन घेताना ‘टीव्ही’ हा शब्द यादीत आहे का एवढं आधी बघा, स्वस्त प्लॅन घेऊन फसणाऱ्यांची गाडी इथेच अडते. आणि अ‍ॅपचे पैसे स्टिकच्या किमतीत नसतात हे विकतानाच सांगितलं होतं. स्टिक म्हणजे नुसता नळ, पाणीपट्टी वेगळी.

आता खरा प्रश्न: ही पाणीपट्टी भरायची कुणाकुणाची? आपल्या सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बघतात. तेलुगू घरं जास्त असलेल्या पूर्व भागातले ग्राहक आले की मी आधी विचारतो, घरात रोज कोण काय बघतं? स्टार प्रवाह, कलर्स मराठी, तेलुगूतलं स्टार मा, कलर्स कन्नड हे सगळं जिओहॉटस्टारवर आहे. झी मराठी, झी तेलुगू, झी कन्नड हवं तर झी5, त्यात एकेका भाषेचे वेगळे पॅकही निघालेत. हास्यजत्रा बघणाऱ्यांना सोनीलिव्ह. रोज लागणारं एकच अ‍ॅप वर्षाचं घ्या, बाकीची महिन्यापुरती. नेटफ्लिक्स एक महिना घेतलं, हवं ते बघितलं, बंद केलं. खातं बंद केल्यावरही तुमचं प्रोफाइल काही महिने जपून ठेवतात, म्हणून त्या आत पुन्हा घेताना काही बिघडत नाही. चारही अ‍ॅप बारा महिने चालू ठेवणारी घरं बघितली की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली दोन कुणी उघडतही नाही.

केबलबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. आईंना ठरलेल्या वेळी, चॅनेलचा नंबर दाबून मालिका बघायची सवय असेल तर त्यांच्यासाठी केबलच ठेवा, मग त्याच मालिकांसाठी जिओहॉटस्टारचे पैसे भरू नका. 2019 पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमाने चॅनेल सुटे निवडता येतात. केबलवाल्याकडून यादी मागा, जे बघत नाही ते काढायला सांगा. एकाच मालिकेचे दोन ठिकाणी पैसे जातात, तिथेच घरचं बजेट फाटतं.

पैसे कट झाले ते ऑटोपेमुळे, म्हणजे दर हप्त्याला खात्यातून आपोआप पैसे जाण्याच्या सोयीमुळे. एक-दोन रुपयांची चाचणी ऑफर घेताना यूपीआयवर पुढच्या रकमेलाही मंजुरी दिली जाते. अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं तरी ती मंजुरी तशीच राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज यावा लागतो, पण इतर मेसेजच्या गर्दीत तो दिसत नाही. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडून नको ते आजच रद्द करा. ही रक्कम आमच्याकडे येत नाही, म्हणून परतावा त्या अ‍ॅपच्या ग्राहकसेवेकडे मागावा लागेल. अर्ज भरायला आम्ही बसू तुमच्याबरोबर.

राहिला तो फुकटचा बॉक्स. तो मी विकणार नाही, कितीही तारे गेले तरी. चोरीचे चॅनेल आज दिसतात, उद्या सर्व्हर बंद होतो आणि विकणारा फोन उचलत नाही. शिवाय अशा बॉक्सच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी घेणारं कुणी नसतं आणि त्यात तुम्ही स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड टाकता. त्यातून पैसे भरून खरी अ‍ॅप बघायची म्हटलं तर खोक्यावर 4के छापलेलं असूनही चित्र 480पीच्या, म्हणजे एचडीहून खालच्या दर्जाच्या वर जात नाही, कारण एचडीला लागणारं वाइडवाइन एल1 हे चित्राची चोरी रोखणारं सुरक्षा-प्रमाणपत्र अशा बहुतेक बॉक्समध्ये नसतं. आमच्या पूर्ण किमतीच्या स्टिकमध्ये ते आहे.

संध्याकाळी सातनंतर दुकानात थोडी निवांत वेळ असते. स्टिक, रिमोट आणि ज्या फोनवर ऑटोपे आहे तो फोन घेऊन या, मुलालाही आणा. आईंच्या मालिकांची नावं तेवढी कागदावर लिहून घ्या, म्हणजे कुठलं अ‍ॅप ठेवायचं आणि कुठलं पुढचा हप्ता जायच्या आत बंद करायचं, ते तिथेच बसून ठरवू.