ती प्लंबर नव्हती

इरेना सेंडलरचा तो फॉरवर्ड या आठवड्यात पुन्हा माझ्या तीन ग्रुपवर आला. आजीबाईंचा हसरा फोटो, खाली मजकूर: ही बाई प्लंबर बनून ज्यू वस्तीत शिरायची, हत्यारांच्या पेटीतून बाळं बाहेर काढायची, हिचं नोबेल हुकलं आणि अल गोरना मिळालं. लोक हात जोडतात, पुढे पाठवतात. मला दर वेळी वाईट वाटतं. ती प्लंबर नव्हती हो! पोलंडमधल्या वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यातली समाजसेविका होती, आणि तिने जे केलं त्यात तिचं हे कामच पणाला लागलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात पोलंड नाझी जर्मनीच्या ताब्यात होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्सातली ज्यू वस्ती भिंतीआड बंद केली. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून जास्त माणसं. टायफस, म्हणजे उवांमुळे होणारा जीवघेणा ताप, पसरला. ही साथ भिंतीबाहेर येईल याची जर्मनांना धास्ती होती, म्हणून साथनियंत्रणाच्या लोकांना आत जायचे पास मिळत. इरेनाने ते स्वतःसाठी आणि सहकारी बायकांसाठी मिळवले. तिचे डॉक्टर वडील १९१७ मध्ये टायफसच्या रुग्णांवर उपचार करतानाच त्या रोगाने गेले होते.

तिच्या त्या गृहभेटींचा विचार केला की पोटात कालवतं. आईबाप विचारायचे, मूल जगेल याची खात्री देता का? ती खरं सांगायची: नाही. भिंतीबाहेर सुखरूप पोचेल एवढीसुद्धा खात्री तिला देता येत नव्हती. कुणी मूल हातात द्यायचं, कुणाचा धीर व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती परत जायची तेव्हा कधी कधी घरच रिकामं असायचं. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये सुमारे अडीच लाख माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांत कोंबली गेली.

मुलं ॲम्ब्युलन्समधून निघाली, ट्राममधून निघाली, कोर्टाच्या इमारतीतून, गटारांतून निघाली. पण बाहेर काढलं म्हणजे काम संपलं, असं नव्हतं. खोटे दाखले करायचे. नवं पोलिश नाव पाठ करून घ्यायचं, ख्रिस्ती प्रार्थना शिकवायच्या. आसरा देणारं कुटुंब किंवा मठ शोधायचा, खर्चाचे पैसे पोचवत राहायचे. ज्यूंना मदत केली तर मृत्युदंड, असा कायदा होता. १९४२ च्या डिसेंबरात झेगोटा ही गुप्त मदत समिती उभी राहिली आणि पुढे तिचा मुलांचा विभाग इरेनाकडे आला. वाचलेल्या मुलांचा आकडा साधारण २,५०० सांगतात. यात डझनावारी माणसांचे हात होते, बहुतेक बायकांचे, आणि हे ती स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिली.

आणि ती यादी. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मुलाचं खरं नाव, नवं नाव, ठेवलंय कुठे. सहकारी मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली बरणीत पुरलेली. सापडली असती तर सगळे मेले असते. तरीही लिहिली, कारण मूल एक दिवस त्याच्या माणसांकडे परत जायचं आहे हे तिने धरूनच ठेवलं होतं.

मी काही वर्षं एका बालगृहात काम केलं. तिथल्या एका फाइलवर होतं: ‘नाव: माहीत नाही. वय: अंदाजे चार.’ पोरगं सापडलं तेव्हा काहीबाही बोलत होतं म्हणे. कुणी लिहून घेतलं नाही. नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याने मला विचारलं, “ताई, माझं आधीचं नाव काय होतं?” त्या दिवसापासून मला बरणीतल्या चिठ्ठ्या पेटीतल्या बाळाहून मोठ्या वाटतात.

१९४३ च्या ऑक्टोबरात गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, दारात आले. यादी त्या वेळी घरातच होती; ती तिने मैत्रिणीकडे फेकली, तिने ती अंगावरच्या कपड्यांत लपवली. इरेनाचे पाय मोडेपर्यंत छळ झाला, तिने एकही नाव सांगितलं नाही. झेगोटाने लाच देऊन सोडवली. कागदोपत्री तिला गोळी घातली गेली होती. मग खोट्या नावाने लपून पुन्हा तेच काम. युद्धानंतर यादी ज्यू समितीच्या अडॉल्फ बेर्मन यांच्याकडे गेली. बहुतेक मुलांचे आईबाप ट्रेब्लिंकात संपले होते.

पेटीतलं बाळही खरंच होतं. सहा महिन्यांची एल्झ्बिएता, विटांच्या गाडीत, लाकडी पेटीत. आईने सोबत चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर कोरलं होतं: एल्झुनिया, ५ जानेवारी १९४२.