फ्लॅश म्हणजे हौशी लोकांचं काम? मला तरी पटत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडं फिरतोय, खरा फोटोग्राफर फ्लॅश लावतच नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला दाद द्यायची सेटिंग) वाढवा, १.८ ची म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स लावा झालं, फ्लॅशनं चेहरा सपाट होतो आणि मागचं वातावरण मरतं. हे वाचून नवीन पोरं हातातला चांगला फ्लॅश विकायला काढायला लागलीत, म्हणून लिहितोय.

आधी वातावरणाचं बघू. मागं काळंकुट्ट येतं त्यात दोष शटरचा, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याचा आहे. फ्लॅशचा उजेड मिलिसेकंदाच्या आसपास संपतो, त्यामुळं शटर १/२०० सेकंद ठेवा नाहीतर १/१५, माणसावर फ्लॅश तेवढाच पडणार, कमीजास्त होतो तो फक्त मागच्या दिव्यांचा उजेड. आमच्या कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर दिवेलागणीला कठड्याजवळ आज्जींचा फोटो काढायचाय, ऑटोवर कॅमेरा १/६० घेतो आणि तळं गायब. तेच मॅन्युअलवर आयएसओ ८००, अॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं) ४, शटर १/१५ आणि फ्लॅश एक स्टॉप, म्हणजे निम्म्यानं कमी करून बघा, आभाळाचा निळा, पाण्यातले दिवे आणि आज्जी, सगळं एका फ्रेममध्ये येतंय.

चेहरा सपाट होतो हे खरंय, पण फ्लॅश नाकासमोर मारला तर. फ्लॅशचं डोकं वळवून पांढऱ्या भिंतीवर मारा (यालाच बाउन्स म्हणतात), उजेड बाजूनं आणि मऊ येतो. एक मात्र सांगतो, मांडवाच्या लाल कापडावर मी एकदा बाउन्स केला आणि हळदीची नवरी अख्खी लाल आली, तेव्हापासून थर्माकोलचा पांढरा तुकडा बरोबर असतोच.

आता आयएसओ आणि १.८. इथं मेसेज सगळ्यात जास्त चुकतोय. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, २ मीटर अंतर, अॅपर्चर १.८, तर पुढं-मागं मिळून शार्प राहतं साधारण ११ सेंटिमीटर, म्हणजे नवरी शार्प आणि मागं उभी करवली धूसर. बरं, आयएसओ ६४०० केला तरी उजेडाची दिशा बदलते का? डोक्यावरच्या ट्यूबलाइटनं डोळ्यांच्या खोबणीत पडलेला अंधार तसाच राहतो, वर दाणे येतात ते वेगळंच. पिवळ्या बल्बखाली फ्लॅश पांढराफटक वाटतो म्हणता, तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगाची सेटिंग, बल्बची ठेवा, दोन्ही उजेड एका रंगात येतात.

आणि 'खरा' कोण हे ठरवणार कोण? याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० च्या दशकात सिनेमासाठी कृत्रिम प्रकाश वापरला, स्वतः चित्रकार असून.

मेसेजमधलं एक मी मान्य करतो, काही ठिकाणी फ्लॅश वापरूच नये. तालमीत कुस्तीची जोड लागलेली असताना पैलवानाच्या डोळ्यात झटका मारणं धोक्याचं आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर तर त्याचा उपयोगच नाही, कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश आयएसओ १०० आणि अॅपर्चर ४ ला जेमतेम ३ मीटर जातो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, पलीकडच्या पणत्यांपर्यंत काय पोचणार, उजळतं ते पुढच्या माणसाचं डोकं. तिथं ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, शटर २-३ सेकंद, आणि फ्लॅश बॅगेत.